पॉपॉ: सीताफळाच्या कुळातलं अमेरिकन झुडूप (ओळख, परागीभवन, बिया, कलम)

देवराई

अमेरिकेच्या पूर्व भागात ओढ्या-नद्यांच्या काठच्या पानझडी रानात, मोठ्या झाडांच्या सावलीला पॉपॉ वाढतं. शास्त्रीय नाव असिमिना ट्रायलोबा. दक्षिण आँटॅरिओपासून उत्तर फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सासच्या पूर्व भागापर्यंत ते आढळतं. पपईशी त्याचं काहीही नातं नाही. ते सीताफळ-रामफळाच्या कुळातलं. लिनीयसने १७५३ साली नाव दिलं तेव्हा ते सीताफळाच्या प्रजातीतच घातलं होतं, ॲनोना ट्रायलोबा म्हणून. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती उष्ण प्रदेशातल्या. पॉपॉ मात्र हिवाळ्यात पानं गाळून उणे २५ अंशांच्या आसपासची थंडीही काढतं.

इकडे अनेकांच्या घरामागे असं रान असतं आणि झुडूप डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही, म्हणून आधी ओळख.

पानं एकाआड एक, १५ ते ३० सेंटिमीटर लांब, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती. कडेला दाते नाहीत. फांदीवरून खाली लोंबतात. शंका असेल तर पान चुरगाळून वास घ्या: ढोबळी मिरचीसारखा उग्र हिरवा वास आला की पॉपॉच. ऑक्टोबरात सगळी पानं पिवळीधमक होतात.

हिवाळ्यात ओळखायला कळ्या बघाव्यात. त्यांच्यावर खवले नसतात, नुसती गडद तपकिरी मखमली लव असते. पानाची कळी चपटी, लांबट, टोकदार. फुलाची कळी गोल, मिऱ्याएवढी, आणि ती नेहमी गेल्या वर्षीच्या फांदीवर असते. त्यामुळे पुढच्या वसंतात किती फुलं येणार याचा अंदाज जानेवारीतच बांधता येतो. हिवाळ्यात छाटणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, कारण शेंडे छाटले की त्या वर्षीची फुलं गेली.

फूल पानांच्या आधी किंवा बरोबरीने, मार्च ते मे. आखूड लवदार देठावर खाली मान घालून एकेकटं लटकतं. बाहेर तीन निदलं, मग तीन मोठ्या पाकळ्या, आत तीन लहान जाड पाकळ्या. हा तीन-तीनचा हिशेब सीताफळाच्या कुळाची खूण आहे. उमलताना फूल हिरवं असतं, दिवस जातील तसं काळपट लाल, वाळल्या रक्ताच्या रंगाचं होतं. वास आंबलेल्या पिठाचा, काहींना कुजकट वाटतो. मधोमध पुंकेसरांचा गच्च गोळा आणि त्यातून वर डोकावणारे तीन ते सात स्त्रीकेसर. एका फुलातून फळांचा घोस का येतो, ते या सुट्या स्त्रीकेसरांमुळे. सीताफळात सगळे स्त्रीकेसर एकमेकांना चिकटून एकच फळ होतं, त्याचे आपण ‘डोळे’ म्हणतो तो प्रत्येक डोळा म्हणजे एक स्त्रीकेसर. पॉपॉत प्रत्येकाचं वेगळं फळ होतं, म्हणून त्याला डोळे नसतात, साल गुळगुळीत असते.

फळ ५ ते १५ सेंटिमीटर, ठेंगण्या आंब्याच्या घाटाचं. आत पिवळसर, दाट मलईदार गर आणि दोन ओळींत दहा-चौदा चपट्या तपकिरी बिया. पिकायचा काळ ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर.

ओहायोकर

फार उपयोगी माहिती. वर्णनावरून आमच्या ओढ्याकाठी पॉपॉच आहे, चाळीस-पन्नास खोडं असतील. दर एप्रिलमध्ये फुलं भरपूर, पण फळ एकही धरत नाही. एवढी झाडं असताना परागीभवन का होत नसेल?

देवराई

ओहायोकर, ती बहुधा चाळीस झाडं नाहीत, एकच आहे.

पॉपॉ जमिनीखालून आडवी मुळं पसरवतं आणि त्यांवर फुटवे येतात. केळीचे मुनवे कंदाजवळ येतात, याचे फुटवे मुख्य खोडापासून दोन-तीन मीटर लांबही निघतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की एका बीपासून अख्खी जाळी तयार होते. खोडं अनेक, वाण एकच. आणि पॉपॉचं फूल स्वतःच्या वाणाचा पराग सहसा स्वीकारत नाही. शेजारच्या खोडाचा पराग म्हणजे स्वतःचाच पराग.

दुसरी अडचण वेळेची. फूल आधी मादी असतं, नंतर नर. कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक, जिथे पराग लागतो) चिकट आणि ग्रहणक्षम असते तेव्हा त्याच फुलातला पराग तयार नसतो, आणि पराग सुटायला लागतो तोवर कुक्षी सुकलेली असते. सीताफळातही असंच होतं.

तिसरी अडचण कीटकांची. याच्यावर मधमाश्या फिरकत नाहीत. माश्या आणि लहान भुंगेरे येतात, तेही थोडे आणि निरुत्साही. एप्रिलच्या गारठ्यात तर त्यांचा पत्ताच नसतो. वेगळ्या वाणाची झाडं जवळ असूनही रानात फळधारणा फार कमी असते, त्याचं मोठं कारण हेच.

थोडक्यात, वेगळ्या जाळीतला पराग आणून हाताने लावा. दोन जाळ्या रस्त्याच्या दोन बाजूंना, किंवा शे-दोनशे मीटर अंतरावर असतील तर वाण वेगळे असण्याची शक्यता चांगली.

कलमकाडी

हाताने परागीभवन सोपं आहे, फक्त फुलाची अवस्था ओळखता यायला हवी.

पराग कुठून घ्यायचा: पूर्ण काळपट लाल झालेलं जुनं फूल. आतला गोळा हिरवट आणि घट्ट असेल तर कच्चा. तो तपकिरी होऊन सैल पडला, बोट लावताच पुंकेसर सुटून पडायला लागले की तयार. फुलाखाली लहान काचेची वाटी धरायची आणि मऊ कुंचल्याने गोळ्यावर हलकेच टिचकी मारायची. पुंकेसर आणि पिवळसर भुकटी दोन्ही खाली पडतात, दोन्ही चालतं. कुंचला चित्रकलेचा, बारीक, शून्य किंवा एक नंबरचा घ्यावा.

कुठे लावायचा: नुकतं उमललेलं, पाकळ्या अजून हिरव्या किंवा हिरवट-लाल आहेत असं फूल. पाकळी अलगद बाजूला केली की गोळ्याच्या मधोमध स्त्रीकेसरांची टोकं दिसतात. ती हिरवी, ओलसर, चकचकीत असली की वेळ बरोबर आहे. तपकिरी आणि कोरडी दिसली तर उशीर झाला. कुंचला प्रत्येक टोकाला टेकवायचा. एकच टोक भरलं तर घोसात एकच फळ येतं.

वेळ कोरडी आणि उबदार निवडावी. पावसानंतर लगेच केलं तर पराग गोळा होऊन चिकटतो, कुंचल्यावर धरत नाही. एकाच झाडावर फुलं दोन-तीन आठवडे पुढेमागे उमलत असतात, त्यामुळे दर दोन-तीन दिवसांनी फेरी मारली की बरीच फुलं योग्य अवस्थेत सापडतात.

सगळी फुलं भरू नका. फांद्या लवचिक दिसतात, पण लाकूड ठिसूळ आहे. प्रत्येक घोसात पाच-सहा फळं पोसली गेली तर ऑगस्टात फांदी खांद्यापासून फाटते. बारीक फांदीवर एखादाच घोस ठेवावा आणि फळं बोराएवढी असतानाच जास्तीची काढून टाकावीत. उरलेली मोठी होतात.

चांदणवेल

माश्या याव्यात म्हणून काही लोक झाडाला मांसाचे तुकडे टांगतात किंवा खाली ताजं शेण टाकतात असं वाचलं. त्याचा उपयोग होतो का?

कलमकाडी

माश्या येतात हे खरं, पण त्या फुलावरच बसतील याची खात्री नाही, आणि मुळात दुसरा वाण जवळ नसेल तर कितीही माश्या आल्या तरी फळ नाही. शेजाऱ्यांना दुर्गंधीचा त्रास, शिवाय रॅकून आणि कोल्हे अंगणात यायला लागतात. कुंचला हातात असताना या भानगडीत पडू नये.

सोनटक्का

फळ कधी काढायचं यावर थोडं लिहिते, कारण सीताफळाची सवय इथे नडते. सीताफळ डोळे उघडले की कडक असतानाच काढतो आणि ते अढीत पिकतं. पॉपॉ कडक काढलं तर पिकत नाही, चिवट आणि कडूच राहतं. रंगावर भरवसा नाही. काही वाण पिवळसर होतात, काही पिकल्यावरही हिरवेच असतात. अंगठ्याने हलकं दाबून पाहायचं. किंचित दबलं आणि हलक्या ओढीने देठापासून सुटलं तरच घ्यायचं. घोसातली फळं एकदम पिकत नाहीत, त्यामुळे पाड लागला की रोज पाहावं लागतं.

काढल्यावर बाहेर दोन-तीन दिवस, फार तर चार. नुकतं मऊ पडायला लागलेलं फळ फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवलं तर तीन आठवड्यांपर्यंत टिकतं. याच कारणाने हे दुकानात दिसत नाही. पातळ साल, जरा दाबलं की काळी पडते, आणि टिकायला काही दिवसच. शेतकरी बाजारात सप्टेंबरमध्ये शोधावं.

साल खाऊ नये, कडू असते. आडवं कापून चमच्याने गर काढावा. गर उकळवला की सुगंध जातो, म्हणून बासुंदी करायची तर सीताफळाची करतो तशीच: दूध आटवून, पूर्ण गार करून, मगच गर घालायचा. श्रीखंडात उत्तम लागतो. गर डब्यात भरून गोठवला तर महिनोन् महिने राहतो.

एक सावधगिरी. काही जणांना पॉपॉ सोसत नाही, मळमळ, उलट्या किंवा अंगावर पुरळ येतं. पहिल्यांदा दोन चमच्यांवर थांबा. वाळवून पोळी करण्याचा मोह टाळा; आंबापोळीसारखी केलेली पॉपॉची पोळी खाऊन बऱ्याच लोकांना त्रास होतो.

पाटाचं पाणी

सोनटक्कांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. या कुळात ॲसिटोजेनिन गटाची रसायनं असतात, त्यातलं ॲनोनॅसिन मज्जापेशींना घातक आहे. ग्वादेलूप बेटावर मामफळ (काटेरी सालीचं, आंबटगोड) आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा आजार जास्त दिसतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. पॉपॉच्या गरातही ॲनोनॅसिन असतं आणि शिजवून ते जात नाही. हंगामात थोडी फळं खाणं वेगळं आणि फ्रीझर भरून वर्षभर रोज खाणं वेगळं. कंपवाताचा त्रास असलेल्यांनी टाळलेलंच बरं. पानांचा काढा तर कोणीच घेऊ नये.

बियांत ही द्रव्यं तीव्र असतात. आपल्याकडे सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात, इकडेही पॉपॉच्या बियांची पूड त्यासाठीच वापरली जायची. सीताफळाची पूड डोळ्यात जाऊन बुबुळाला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी केलेल्या आहेत. पॉपॉच्या बिया मिक्सरमध्ये गराबरोबर फिरवू नका, हे म्हणूनच महत्त्वाचं.

चांदणवेल

बियांवरून आठवलं, बी रुजवायचं कसं? सीताफळाची बी वाळवून ठेवली तरी चालते, तसं इथे चालेल का?

पाटाचं पाणी

अजिबात नाही. पॉपॉची बी वाळली की मेली. उघड्या ताटलीत काही दिवस राहिली तरी रुजण्याची शक्ती जाते. गोठली तरी मरते, म्हणून फ्रीझर नको.

फळ खाल्ल्याबरोबर बी पाण्यात टाकून तिच्याभोवतीची बुळबुळीत पिशवी चोळून काढा. ती राहिली तर फ्रिजमध्ये हमखास बुरशी येते. मग झिपच्या पिशवीत ओलसर स्फॅग्नम शेवाळात बिया मिसळा. शेवाळ मुठीत दाबल्यावर पाणी गळता कामा नये. पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ५ अंशांच्या आसपास, ९० ते १२० दिवस. पिशवीवर तारीख लिहा, महिन्यातून एकदा उघडून पाहा.

पेरणी एप्रिल-मेमध्ये, अडीच सेंटिमीटर खोल. माती २४ ते २९ अंश उबदार असेल तर दोन-तीन आठवड्यांत मूळ निघतं. पण कोंब वर यायला आणखी महिना-सव्वा महिना लागतो. मधल्या काळात वर काहीच दिसत नाही आणि लोक कुंडी ओतून टाकतात. आत तोवर २०-२५ सेंटिमीटरचं सोटमूळ गेलेलं असतं. म्हणून कुंडी निदान ३५ सेंटिमीटर खोल हवी, रुंदी दहा पुरे. उथळ कुंडीत सोटमूळ तळाशी वळतं आणि रोप पुढे कायमचं रखडतं.

पहिल्या वर्षी अर्धी सावली द्या, शेडनेट ५० टक्क्यांची चालेल. कोवळं रोप थेट उन्हात करपतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मात्र ऊन हवं. रानात पॉपॉ सावलीत असतं म्हणून लोक मोठं झाडही सावलीत लावतात. ते जगतं, पण फळ उन्हातच धरतं.

जमीन निचऱ्याची, सामू ५.५ ते ७. पाणी साचलं की मुळं कुजतात. दोन झाडांत अडीच मीटर, दोन ओळींत पाच.

ओहायोकर

रानातले फुटवे उपटून आणले तर वेळ वाचेल ना?

पाटाचं पाणी

वाचणार नाही. फुटवा आईच्या मुळावर पोसलेला असतो, त्याला स्वतःची बारीक मुळं जवळजवळ नसतात. उपटला की पंधरा दिवसांत पानं माना टाकतात. शिवाय आणलात तरी वाण तोच, म्हणजे परागीभवनाचा प्रश्न जिथल्या तिथे.

मळेवाट

मी नाशिकला असते. सीताफळाचं कूळ म्हटल्यावर विचारते, इकडे लावता येईल का?

देवराई

मळेवाट, वाढेल कदाचित, फळ मिळणार नाही. पॉपॉला हिवाळ्यात सुमारे ७ अंशांखालचे निदान ४०० तास लागतात, त्याशिवाय कळ्या नीट फुटत नाहीत. महाबळेश्वरलाही एवढे तास भरत नाहीत. तुमच्याकडे सीताफळ, रामफळ उत्तम होतात, त्यांची जागा पॉपॉला देऊ नये. हिमाचल-उत्तराखंडच्या सफरचंदाच्या पट्ट्यातलं हवामान याला मानवण्यासारखं आहे.

तुमच्याकडे या कुळाची एक गंमत मात्र बघण्यासारखी आहे. खोट्या अशोकावर आणि सीताफळावर टेल्ड जे फुलपाखराच्या अळ्या असतात, काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं ते. त्याचं इकडचं नातलग झेब्रा स्वॅलोटेल, पांढऱ्यावर काळे पट्टे आणि लांब शेपट्या. त्याच्या अळ्या फक्त पॉपॉच्या प्रजातीवरच वाढतात, दुसरं काही खात नाहीत. पानातली ती कडू द्रव्यं अळीच्या अंगात साठतात आणि पक्षी तिला टाळतात. पॉपॉवर अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका, चार पानं गेल्याने झाडाचं काही बिघडत नाही. याच द्रव्यांमुळे हरणंही पानं खात नाहीत. अंगणात हरणांचा उपद्रव असलेल्यांना याचं मोल कळेल.

सोनटक्का

उत्तर कॅरोलिनात वाळूच्या कोरड्या रानात कमरेएवढंच एक झुडूप दिसतं. पानं अशीच पण लहान, फुलं बोटाच्या पेरापेक्षाही छोटी. हे पॉपॉचं पिल्लू की वेगळी जात?

देवराई

वेगळी जात, असिमिना पार्विफ्लोरा. व्हर्जिनियापासून फ्लोरिडा आणि टेक्सासपर्यंत, आग्नेय भागातच सापडते. कोरड्या, वाळूमिश्रित रानात असणं हीच मोठी खूण, कारण ट्रायलोबाला ओल लागते. उंची एक ते अडीच मीटर. फूल जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटरचं आणि देठ इतकं आखूड की फूल फांदीला चिकटल्यासारखं वाटतं. ट्रायलोबाचं देठ स्पष्ट दिसतं. कोवळ्या फांदीवर आणि पानामागे तांबूस लव. ही सहसा जाळी करत नाही, झुडपं सुटी उभी असतात. फळ तीन ते सात सेंटिमीटर, बिया कमी, गरही बेताचाच. दोन्ही जाती जवळजवळ असतील तिथे त्यांचा नैसर्गिक संकरही मिळतो, त्यामुळे मधल्याच मापाचं फूल दिसलं तर गोंधळू नका.

फ्लोरिडात आणखी बुटक्या जाती आहेत. त्यातली असिमिना टेट्रामेरा तिथल्या मार्टिन आणि पाम बीच या दोनच परगण्यांतल्या वाळूच्या टेकड्यांवर उरली आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. फ्लोरिडात रानातून बी किंवा काडी घेऊ नये.

ओहायोकर

आता मूळ प्रश्नाकडे. माझ्याकडे एकच मोठी जाळी आहे. दुसरं झाड लावून सात-आठ वर्षं थांबण्यापेक्षा यातल्याच खोडांवर वेगळ्या वाणाचं कलम करता येईल का? कोणतं वाण घ्यावं?

कलमकाडी

करता येतं आणि तुमच्या बाबतीत तेच करावं. बीच्या रोपाला फळ यायला पाच ते आठ वर्षं, कलमाला तीन-चार.

वाणांमध्ये नील पीटरसन यांनी निवडलेले नद्यांच्या नावाचे वाण नावाजलेले आहेत: शेनँडोआ, सस्क्वेहाना, पोटोमॅक, ॲलेगेनी, वाबॅश, रॅपाहॅनॉक. चव सौम्य हवी तर शेनँडोआ. सस्क्वेहानाचं फळ मोठं, गर घट्ट आणि बिया कमी. पोटोमॅकच्या फांद्या फळाच्या वजनाने मोडतात, त्याची विरळणी सक्तीची. फ्रँकफर्टच्या केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत १९९४ पासून अमेरिकेच्या कृषी खात्याचा पॉपॉ-संग्रह आहे. तिथून २००९ साली केएसयू-ॲटवुड बाहेर आला, तो फळाला चांगला.

कलमकाडी फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना घ्या. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या वर्षीची वाढ, फक्त पानांच्या चपट्या कळ्या असलेली. ओलसर कागदात, पिशवीत बंद करून फ्रिजमध्ये. कलम बांधायची घाई करू नका. जाळीतल्या खोडांना पानं फुटून साल लाकडापासून सहज सुटायला लागली की, ओहायोत साधारण मेच्या मध्यावर, कलम करा.

खोड पेन्सिलीएवढं असेल तर लाकडाच्या पातळ कापासकट डोळा काढून खाचेत बसवा आणि पट्टीने घट्ट बांधा. तीन सेंटिमीटरच्या पुढचं असेल तर कमरेच्या उंचीवर आडवं कापून साल उभी चिरा, काडीला एका बाजूने चार सेंटिमीटरचा तिरका काप द्या आणि कापाची बाजू लाकडाकडे करून सालीखाली सरकवा. दोन काड्या समोरासमोर. पट्टी, वर मेण. काडीचा वरचा शेंडाही मेणाने बंद.

अपयश येतं ते बहुतेक नंतरच्या दोन महिन्यांत. कापलेल्या खोडावर खालून धुमारे जोरात येतात आणि काडी उपाशी मरते. दर आठवड्याला ते हाताने मोडा. जमिनीतून येणारे मुनवेही त्या खोडाभोवती ठेवू नका, कारण ते जुन्या वाणाचे. काडीला फूटभर वाढ झाली की काठीचा आधार द्या, सांधा पहिली दोन वर्षं वाऱ्याने निसटतो.

सगळी जाळी बदलू नका. उन्हाच्या बाजूची चार-पाच खोडं घ्या, त्यांवर निदान दोन वेगळे वाण चढवा. म्हणजे जुन्या खोडांचा पराग नव्यांना आणि नव्यांचा जुन्यांना लागेल. प्रत्येक खोडावर ॲल्युमिनियमची पट्टी सैल तारेने बांधून वाणाचं नाव कोरा. शाई दोन हिवाळ्यांत उडते.

ओहायोकर

धन्यवाद, फेब्रुवारीत काड्या मिळवतो. तोवर रस्त्यापलीकडच्या जाळीतून पराग आणून या एप्रिलमध्ये कुंचल्याने सुरुवात करता येईल ना?

कलमकाडी

जरूर. फक्त पलीकडची जाळी दोन-चार दिवस आधी फुलते की नंतर, ते पाहून ठेवा. आधी फुलत असेल तर काम सोपं, तिचा पराग तयार असतो तेव्हा तुमची फुलं हिरवी असतात. नंतर फुलत असेल तर तुमच्याकडे सावलीच्या बाजूला उशिरा उमलणारी फुलं शोधून त्यांना लावा. भरलेल्या फुलांना लोकरीचा धागा बांधा, जूनमध्ये तेवढेच घोस तपासले की पुरे.